हवा करायची नाही, हवा खायची

आमच्याकडं उघड्या गाडीत तीन प्रकारची माणसं बसतात. नवरदेव, निवडून आलेला पुढारी आणि सिनेमातला हिरो. वरातीच्या दिवशी जीपचं हूड उतरवतात, बॉनेटवर झेंडूच्या माळा सोडतात आणि नवरदेवाला मागं उंचावर बसवतात. पुढाऱ्याच्या जीपवर गुलाल असतो, एवढाच फरक. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये निझामाची पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. त्या गाडीतही मागं सिंहासनासारखी बैठक आहे. गाडी रोल्स-रॉईस असो की महिंद्रा, छत काढायचं ते आतला माणूस लोकांना दिसावा म्हणून, असा आपल्याकडचा रिवाज.

त्यामुळं स्टाफरूममध्ये मी म्हणालो, की घरासाठी छत उघडणारी गाडी बघतोय, तेव्हा सगळे हसले. एकानं विचारलं, "सर, जिल्हा परिषदेला उभं राहताय का?" दुसरा म्हणाला, "दुसरं लग्न?" तिसऱ्यानं मात्र कामाचा प्रश्न विचारला, "पोरीला कुठं बसवणार?" पुढचे चार महिने मी या तिसऱ्या प्रश्नाचंच उत्तर शोधत होतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत हवा खाता येते. उर्दूत हवाखोरी असते, मराठीत आपण संध्याकाळी हवा खायला बाहेर पडतो. पण मराठीत हवा करताही येते. 'भाऊची गावात हवा आहे' म्हणतात ती ही हवा. वरातीची जीप हवा करते. आम्हाला हवा खायची होती. हा फरक सांगायला सोपा आहे. गाडी निवडताना मात्र तो पावलोपावली आडवा येतो, कारण बाजारात उघड्या म्हणून ज्या गाड्या मिळतात त्यांतल्या बहुतेक हवा करण्यासाठीच बनवलेल्या किंवा सजवलेल्या असतात.

आमचं घर चार जणांचं. मी, बायको, सत्तरी ओलांडलेली अम्मी आणि दुसरीत शिकणारी सात वर्षांची लेक. २०२४ च्या दिवाळीपर्यंत घरात एक मोटारसायकल होती. अम्मीला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा, लग्नाला परभणीला जायचं तर एसटी. मोटारसायकलवर तिघं बसलो की कायद्यानं ट्रिपल सीट, मग ती तिसरी सवारी सात वर्षांची का असेना. म्हणजे चारचाकी लागणारच होती. उघडी का, याचं कारण लेक. तिला बंद गाडीत गाडी लागते. एसटीत खिडकीजवळ बसली तर ठीक, काच लागलेल्या कारमध्ये मागं बसली की दहा किलोमीटरवर तोंड पांढरं पडतं. मोटारसायकलवर मात्र ती कळमनुरीपर्यंत गाणी म्हणत येते. डॉक्टर म्हणाले, समोर लांबचं दिसू द्या, मोकळी हवा लागू द्या, वयाबरोबर कमी होईल. दुसरं कारण माझी हौस. ते लपवण्यात अर्थ नाही. हौस नसती तर मी साधी हॅचबॅक घेऊन तिच्या काचा खाली केल्या असत्या.

सगळ्यात आधी जुन्या जीपचा विचार आला. आपल्या भागात काळ्या-पिवळ्या जीपनं अर्धा जिल्हा जोडलेला होता, त्यामुळं जीप दुरुस्त करणारे मिस्त्री अजून हिंगोलीत, वसमतमध्ये सापडतात. आणि या गाडीचा इतिहास आपल्या वाचकांना गंमत वाटावी असा आहे. १९४५ मध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढं १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली. विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धातली ती गाडी पुढं आपल्याकडं तहसीलदाराची, फौजदाराची आणि शेवटी वरातीची झाली.

पण जुन्या जीपमध्ये मागं समोरासमोर दोन बाकं असतात. बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडं नसतं, शेजाऱ्याच्या गुडघ्यांकडं असतं. पट्टा नसतो. मी दहावीत असताना सेनगावकडच्या एका वरातीत आम्ही पोरं अशाच जीपच्या बाकावर कोंबून बसलो होतो. बैल आडवा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि लगेच गाडी पुन्हा झटक्यानं काढली. माझा मावसभाऊ बाकावरून घसरत मागच्या फाळक्यावरून रस्त्यावर पडला. अकरा वर्षांचा होता. खांद्याजवळचं हाड मोडलं. नशीब की मागून दुसरी गाडी येत नव्हती. आज तो दोन मुलांचा बाप आहे आणि थंडीत त्याचा खांदा अजून दुखतो. जीप बघायला गेलो की मला तो फाळका आधी दिसायचा.

जिप्सीचीही तीच गत. मारुतीची जिप्सी १९८५ ची, २०१९ मध्ये बंद झाली. कापडी छताची जिप्सी दिसायला देखणी, वजनाला हलकी, डोंगरात बकरीसारखी चढणारी. जुन्या जिप्सीला आजही चांगली किंमत येते. पण मागं पुन्हा आडवी बाकं. चांगली राखलेली म्हणून दाखवलेल्या एका गाडीत पट्टे फक्त पुढच्या दोन सीटना होते. म्हणजे गाडी माझी आणि ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याची. मागच्यांनी रॉड धरून बसायचं.

मग कुणीतरी मंडी डबवालीचा रस्ता दाखवला. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं हे गाव सजवलेल्या जीपसाठी देशभर प्रसिद्ध आहे. रुंद टायर, नवं इंजिन, हवा तो रंग, समोर तोंड असलेली सीटसुद्धा बसवून देतात. व्हिडिओ बघून माझी हौस चांगलीच वाढली. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनासारखा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केलं. आरसी बुकात एक आणि रस्त्यावर दुसरंच असं वाहन अपघातात सापडलं तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. शिवाय पत्र्याला वेल्डिंग करून बसवलेली सीट धक्क्याला किती टिकेल, याची चाचणी कुणी केलेली नसते. शिक्षकाच्या पगारात एकदाच गाडी घेता येते. ती कागदावर चोख हवी.

खऱ्या अर्थानं कन्व्हर्टिबल म्हणतात त्या गाड्या मोठ्या शहरात दिसतात. मिनी कूपरसारखी एखादी चार सीटची आहे, पण तिच्या किमतीत हिंगोलीत घर बांधून होईल. बाकीच्या बहुतेक दोन सीटच्या. गोव्यात सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' नावाची छोटी उघडी गाडी बनायची, फायबरच्या बॉडीची, रेनोच्या इंजिनाची. कॉलेजात असताना मी तिचा फोटो वहीत चिकटवला होता. तीही दोन सीटची. दोन सीटची गाडी ज्यानं घेतली त्यानं लेकराचा प्रश्न गाडी घेण्याआधीच सोडवलेला असतो.

शोरूमवाल्यांकडं या सगळ्यावर एक स्वस्त तोडगा आहे, सनरूफ. "सर, बच्चे लोग खूश हो जाते," असं प्रत्येकानं सांगितलं. लेकरं खूश होतात ती सीटवर उभं राहून डोकं बाहेर काढल्यावर. आणि सनरूफचा तोच वापर सगळ्यात घातक आहे. ब्रेक लागला की उभं लेकरू छताच्या कडेवर आदळतं, आणि डोकं बाहेर असलं की झाडाच्या फांदीपासून पतंगाच्या मांजापर्यंत काहीही आडवं येतं. खाली पट्टा बांधून बसलेल्या मुलाला सनरूफमधून आभाळाचा एक तुकडा दिसतो. तेवढ्यासाठी लाखभर रुपये जास्त द्यायचे आणि आपल्या मे महिन्यात डोक्यावर काच तापवत ठेवायची, हे मला पटलं नाही.

उरली थार. २०१० ची पहिली थारही मागं आडव्या बाकांची होती. २ ऑक्टोबर २०२० ला दुसरी पिढी बाजारात आली, तिच्यात मागची दोन सीट समोर तोंड करून आली. सुरुवातीला आडव्या बाकांची एक आवृत्ती जाहीर झाली होती, ती लवकरच बंद केली. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. लेकराची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मागं आहेत. छताखाली लोखंडी रोल केज आहे, म्हणजे कापड काढलं तरी डोक्यावर पिंजरा राहतो. तारे समोरच्या धडकेचे असतात, गाडी उलटण्याचे नसतात, हे मात्र लक्षात ठेवावं. गाडी उलटली तर पट्टा बांधलेल्यालाच पिंजऱ्याचा उपयोग. न बांधलेला पिंजऱ्याबाहेर फेकला जातो.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना बसवलं तर हजार रुपये दंड. आपल्याकडं तो क्वचितच कुणी भरतो, कारण क्वचितच कुणी विचारतं. पण पट्टा मोठ्यांच्या मापाचा असतो. सात वर्षांच्या मुलीला तो गळ्यावरून आणि पोटावरून जातो. धक्क्यात तोच पट्टा इजा करतो. म्हणून खाली बूस्टर सीट ठेवायची, म्हणजे वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध आणि खालचा कमरेच्या हाडांवर येतो. साधारण साडेचार फूट उंची होईपर्यंत बूस्टर लागतोच. शाळेत पालकांना हे सांगितलं तर ते म्हणतात, आमचं पोरगं एका जागी बसत नाही. आमचीही बसत नव्हती. बूस्टरवर उंच बसल्यानं बाहेरचं दिसतं हे कळलं तेव्हापासून बसते.

आता थारमध्येही दोन वाटा. पक्क्या छताची घ्यावी की कापडी छताची? पक्क्या छताची टू व्हील ड्राइव्ह जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांपासून सुरू झाली. कापडी छत मात्र तेव्हा महागड्या फोर बाय फोरमध्येच होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली. कुटुंबासाठी खरं तर ती सोयीची, मागं तिघं बसतात, मागच्यांना स्वतःची दारं आहेत. पण तिचं छत निघत नाही. लोक म्हणाले, पक्क्या छताची घे, एसी चांगला चालतो, कुलूप लागतं. दोन्ही मुद्दे खरे आहेत.

नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे होते. दलाल मला स्टिअरिंगवर बसवायला बघत होता. मी म्हणालो, गाडी तुमच्या माणसाला चालवू द्या, मी मागं बसतो. पुढचं सीट वाकवून मागं शिरताना माझे गुडघे कुरकुरले. पक्क्या छताच्या गाडीत मागं बसलो आणि लक्षात आलं, मागच्या बाजूच्या काचा उघडतच नाहीत. पुढं दोघं मोकळी हवा खाणार आणि ज्या लेकीसाठी एवढा खटाटोप चाललाय, ती मागं बंद काचेआड तोंड पांढरं करून बसणार. कापडी छताच्या गाडीत बाजूचे पडदे काढता येतात. ते काढून फिरलो. चाळीसच्या वेगापर्यंत मागं बसून गप्पा मारता आल्या. साठला वारा कानात भरला. उघड्या गाडीत पुढच्यापेक्षा मागच्याला वारा जास्त झोंबतो, कारण पुढच्या काचेवरून उडालेली हवा मागच्या सीटवर उतरते. ऐंशीला तर बोलणंच नको. म्हणजे महामार्गावर छत बंद आणि गावरस्त्याला चाळीस-पन्नासनं उघडी, हा नियम तिथंच ठरला.

घरी अम्मीचा पहिला शेरा, "इत्ते पैशे देके छत बी नई?" तिला छत आहे आणि ते घडी होतं, हे समजावलं. खरी अडचण उंचीची होती. तिच्या गुडघ्यांना ती पायरी झेपत नव्हती. खाली पायदान बसवलं, आत धरायला कंपनीची मूठ आहेच, आणि पुढचं सीट कायमचं तिच्या नावावर झालं. बायको मागं लेकीजवळ. चार माणसं, चार सीट. पाचव्याला जागा नाही. भाऊ सुट्टीत सहकुटुंब आला की रिक्षा बोलावतो, आणि दरवेळी हसत टोमणा मारून जातो.

बायकोचा प्रश्न अम्मीपेक्षा अवघड होता. "गाडी खुली रहेगी तो लोगां गाडी कू देखेंगे के मेरे कू?" यावर माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. आपल्या गावात बाई उघड्या गाडीतून बाजारातून गेली की दहा माना वळतात, ती बुरख्यात असो की साडीत. पुरुषाला उघड्या गाडीत वारा लागतो, बाईला वाऱ्याबरोबर नजराही लागतात. मी म्हणालो, मग पक्क्या छताची बघू. ती म्हणाली, "मैं ने नक्को कब बोली?" आणि तिनंच तोडगा सांगितला, "बाजार में बंद, खेतां में खुली." तेव्हापासून गावाची वस्ती संपली की गाडी बाजूला घ्यायची, पडदे काढायचे, पुढचे लॅच सोडून कापड मागं घडी करायचं. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली. आता सातएक मिनिटांत होतं. तिनं ओढणीला दोन पिना जास्त लावायला सुरुवात केली, एवढाच तिच्या बाजूचा बदल.

आम्ही २०२१ ची डिझेल गाडी घेतली. साठवलेले पैसे आणि उरलेलं शिक्षक पतसंस्थेचं कर्ज. एवढ्या पैशात शहराच्या कडेला एक प्लॉट आला असता, हे नातेवाइकांनी सांगितलंच. त्रासही मोजून सांगतो. पावसाळ्यात चेनच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकतं. कापड ब्लेडनं कापता येतं म्हणून गाडीत पिशवी ठेवता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी एसीला धाप लागते. मागं सामानाला जागा म्हणावी तर पीठ-तेलाच्या दोन पिशव्या, आणि छत घडी केलं की तीही नाही. अर्धवट कच्च्या रस्त्यावर एखादा ट्रॅक्टर पुढं असला की धूळ थेट डोळ्यांत. लेकीला आम्ही चष्मा घेऊन दिला आहे, तो ती शाळेतही घालून जायला बघते.

आणि मिळतं काय? मराठवाड्यात उघडं फिरण्याचे दिवस थोडे आहेत. मार्च ते जून ऊन, मग पाऊस. श्रावणातल्या उघडिपीच्या दुपारी, दिवाळी ते फेब्रुवारी सकाळ-संध्याकाळ, एवढंच. लेक कॅलेंडरवर खूण करते. पहिल्या वर्षात छत २३ वेळा उघडलं. हिशेब मांडला तर एकेका उघडण्याची किंमत ऐकून अम्मी उपास धरेल. पण त्या २३ वेळांत लेकीला एकदाही उलटी झाली नाही. आणि बंद गाडीत जे कधीच कळलं नसतं ते तिला कळतं. फेब्रुवारीत वसमतच्या बाजूला हळद शिजायला लागली की तो वास शिवार संपेपर्यंत गाडीत बसतो. कयाधूचा पूल ओलांडताना हवा एकदम गार होते. एकदा तिनं विचारलं, पुलावर एसी कोण लावतं? भूगोलाचा तास मी तिथंच घेतला.

गेल्या हिवाळ्यात बायकोनं गाडी शिकली. एका रविवारी सिद्धेश्वर धरणाकडं जाताना औंढ्याच्या पुढं ती म्हणाली, "आज मैं चलाती." अम्मी पुढं, तोंडात सुपारी. मी मागं लेकीशेजारी बसलो, गुडघे छातीशी घेऊन. गाडी घेतल्यापासून मागं बसायची माझी पहिलीच वेळ. लेकीनं मला सूचना दिली, "अब्बू, सामने नक्को देखो, ऊपर देखो." रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गेलेल्या, मधून ऊन येत होतं, जात होतं. एक घार आमच्याबरोबर बराच वेळ होती. बायको चाळीसच्या पुढं गेली नाही. मागून एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत पुढं गेला, वळून एकदा उघड्या गाडीकडं आणि चालवणाऱ्या बाईकडं बघितलं. तिनं आरशात बघितलं, पिन नीट केली आणि गियर बदलला.